शिधाही इतिहासच आहे

महोदय,

युद्धकथांत तोफा आणि डावपेच असतात, शिधा मात्र क्वचितच. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात तुर्की वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या 6व्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. धान्य आटू लागल्यावर घोडे मारून त्यांचे मांस वाटले गेले, पण अनेक हिंदी शिपायांनी ते धर्मभावनेमुळे दीर्घकाळ नाकारले आणि ताज्या भाज्याही नसल्याने त्यांच्यात स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) बळावला. गोऱ्या सैनिकांना मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी (ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झाला व कोंडा असलेली कणीक मिळू लागल्यावर तो ओसरला, हा तपशील आजच्या मैदाप्रेमींनीही वाचावा.

पुढे 1961 मध्ये म्हैसूर येथे संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथे विकसित झालेल्या बहुपदरी पाकिटांत भाजी किंवा पुलाव भरून, ती सीलबंद करून दाबाखालील उष्णतेने निर्जंतुक करतात. त्यामुळे अन्न शीतकपाटाविना कित्येक महिने टिकते आणि ते नुसते गरम केले की जेवण तयार होते. सियाचीनसारख्या उंचीवर भूकच मंदावते, तेव्हा कमी वजनात अधिक उष्मांक आणि खावीशी वाटेल अशी चव, दोन्ही साधावे लागते. मोहिमेवरच्या शिदोरीतली पुरी-शक्करपाऱ्यांची जोडी अजूनही आवडती आहे, यात नवल नाही.

आपल्याकडील लष्करी संग्रहालयांनी शस्त्रांच्या दालनांशेजारी शिध्याचे डबे, पाकिटे आणि त्या-त्या काळातील रोजच्या शिध्याची प्रमाणे मांडावीत, अशी विनंती आहे.

– एक वाचक, सातारा