पतंगाला जळायची हौस नसते

महोदय,

परवाच्या अंकातल्या स्फुटात ‘ज्योतीवर जीव ओवाळून टाकणारा पतंग’ पुन्हा भेटला. कवींनी खुशाल ओवाळावा. पण गेले सात उन्हाळे मी परसात दोरीवर पांढरी चादर टांगून, तिच्यापुढे दिवा लावून रात्रीची पाखरं, म्हणजे हेच पतंग, वहीत टिपून ठेवते आहे. म्हणून राहवलं नाही.

2024 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावरून एक संशोधन प्रसिद्ध झालं. उडणारे बरेच कीटक उजेडाकडे पाठ ठेवतात. रात्री उजेड म्हणजे आभाळ, म्हणजे पाठ वर आणि पोट खाली, चोख हिशेब. मध्येच दिवा आला की पाखरू त्याच्याकडे पाठ करायला वळतं, पुन्हा वळतं आणि घिरट्यांत अडकतं. दिवा खाली असला तर उलटं होऊन आपटतं. जमिनीवर ठेवलेल्या माझ्या विजेरीपाशी कित्येक पाखरं अशी उताणी पडलेली मी पाहिली होती. मी आपली वाऱ्याला दोष देत होते!

उकाडा, ढगाळ आभाळ, वारा पडलेला आणि चंद्र नाही, अशा रात्री चादर भरते. वहीत तारीख, तापमान, वेळ आणि नाव. नाव म्हणजे काय, निम्म्यांपुढे अजून ‘करडा, बारीक, टोपीवाला’ असंच आहे. मागच्या उन्हाळ्यात कण्हेरीवरचा मोठा हिरवा पतंग आला, पंखांवर संगमरवरासारख्या हिरव्या-गुलाबी लाटा. मी जवळ गेले तर उडाला नाही, नुसता थरथरत राहिला. घाबरला असं वाटलं, पण तो छातीचे स्नायू तापवत होता. मिनिटभराने सुटला तो थेट माझ्या कानाजवळून. विषारी कण्हेरीची पानं खाऊन याची अळी वाढते, हे मला त्यानंतर कळलं.

एक चूक कबूल करते. पहिल्या वर्षी एकदा दिवा चालू ठेवूनच झोपले. सकाळी चादरीखाली नुसते पंख. पक्ष्यांनी आयतं ताट साफ केलं होतं.

तेव्हापासून अकराला दिवा बंद. चादर झटकत नाही. अंधारात बरीचशी आपणहून जातात. जी बसून राहतात त्यांना एकेक करून बोटावर घेते आणि झुडपात, पानांच्या खालच्या बाजूला सोडते.

आपली,
एक वाचक