चाळीच्या दुरुस्तीत सुतारालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गिरगावातल्या जुन्या चाळींना टेकू लागतात आणि पाठोपाठ सागवानी सांगाडा उतरवून लोखंडी गर्डर घालायचे ठरते. मी जन्मभर सुतारकाम केले. मला हे पटत नाही. खांब कुजतो तो बहुधा जोत्याजवळ. तुळई कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाला, नाहीतर न्हाणीच्या बाजूला. मधले लाकूड ठणठणीत असते, रंधा मारला की अजून सागाचा वास येतो. तेच लाकूड भंगारात जाते.

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा चेशरमधले लिटल मोर्टन हॉल पाहिले. १५०४ च्या सुमारास बांधायला घेतलेले आणि पुढे शंभरेक वर्षे वाढत गेलेले हे घर. भोवती खंदक, सांगाडा सगळा ओकचा. तिथे ओक ओला असतानाच घडवत. एका लाकडाच्या टोकाला काढलेले कुसू, म्हणजे जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड सुकते तसा सांधा आवळत जातो. मधल्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातला कूडच, काटक्या विणून वर मातीचा गिलावा. नंतर माथ्यावर ६८ फुटी दालन चढवले, त्यावर दगडी फरश्यांचे छप्पर. त्या भाराने घर वाकले, ते डोळ्यांना दिसते. पण पाडले नाही. दालनाला पोलादी सळ्यांचा आधार दिला आणि लाकूड जागेवर ठेवले. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

अंगणाकडच्या खिडक्यांवर १५५९ हे साल आणि त्या घडवणाऱ्या रिचर्ड डेल या सुताराचे नाव कोरले आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. आमच्या चाळी उभ्या करणाऱ्या एकाही सुताराचे नाव मी कुठे लिहिलेले पाहिले नाही.

वाळवीने पोखरलेले लाकूड काढावेच लागते, याबद्दल वाद नाही. पण खाऱ्या हवेत गर्डरही गंजतो. म्हणून मागणी एवढीच: उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, लाकडी इमारतींच्या पाहणीला इंजिनीअरबरोबर जाणता सुतार असावा, प्रत्येक खांब ठोकून, टोचून पाहावा, आणि कुजलेला बुंधा कापून नवा साग जोडण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. रहिवाशांना गर्डरचा आणि सागाचा असे दोन्ही आकडे कळू देत. काढलेले चांगले लाकूड त्याच इमारतीत वापरायची अटही कंत्राटात घालावी.

आपला,
एक निवृत्त सुतार, गिरगाव, मुंबई