आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंना, लालबागवरून

बाई, नमस्कार. ओळखलंत का, मी तुमच्या ‘मुंबईकरा’चा बाबा. तुमचा जुना नंबर लागत नाही, बदली होऊन घाटावर गेलात एवढंच वाडीतून कळलं, म्हणून सरळ इथेच लिहितोय. व्हॉट्सॲपवर नको नको ते फिरतं, हे पण फिरत फिरत पोचेल तुमच्याकडे.

२०२० च्या जूनमध्ये हॉटेल बंद, पगार बंद, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं. शेवटी ई-पास काढून सिंधुदुर्ग गाठलं तर घरात घ्यायच्या आधी चौदा दिवस शाळेतच ठेवलं. म्हणजे माझ्या पोराने जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलं पाऊल टाकलं ते क्वारंटाइनसाठी! भिंतीवर तहानलेल्या कावळ्याची गोष्ट रंगवलेली होती, पाच-सहा ओळी असतील. म्हटलं वाच रे, तेवढाच टाइमपास. तो ‘का... व...’ करून गप्प. तिसरीत गेलेला पोरगा. आणि मुंबईतल्या शाळेच्या रिपोर्ट कार्डवर मराठीला ए ग्रेड, तीही मी फी भरून आणलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही बाई, हे बायकोला पण सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही आलात. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असं वरून आलेलं, पण आपल्याकडे रेंजसाठी सड्यावर चढायला लागतं, ऑनलाइन कसलं डोंबल. वर तुमची कोरोनाच्या सर्वेची ड्युटी, ती उरकून स्कूटीवरून येऊन आमच्या पडवीत बसायचात. पहिल्याच दिवशी तुम्ही त्याच्यापुढे एक कागद ठेवला, आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. ‘असर’ म्हणून पोरांच्या वाचन-गणिताचा सर्वे असतो, तो करणारे २००५ पासून घरोघरी जाऊन साधारण असंच तपासतात आणि ती गोष्ट दुसरीच्या लेव्हलची असते, हे मला खूप नंतर कळलं. आमचा शब्दांवरच अडकला. मी मान खाली घालून बसलो तर तुम्ही म्हणालात, ‘तिसरी बिसरी ऱ्हाऊ द्या, हा शब्दांवर हाय, आपण शब्दांपासनं धरू.’ कोणी तोंडावर एवढं खरं सांगितलं नव्हतं आणि एवढ्या साध्या आवाजात पण नाही.

वजाबाकीचं तर मी अजून लोकांना सांगतो. ५२ वजा २७ दिलं की हा ३५ लिहायचा, दर वेळी. मी ओरडायचो, लक्ष कुठाय म्हणून. तुम्ही त्यालाच विचारलंत, कसं केलंस ते दाखव. तर हा सातातून दोन काढत होता, कारण दोनातून सात जात नाहीत ना! तुम्ही झाडूचे हीर तोडून दहा-दहाच्या जुड्या रबर लावून केलेल्या. पाच जुड्या, दोन सुटे. ‘सात दे मला.’ तो बघत बसला, बघत बसला, आणि मग स्वतःच एका जुडीचा रबर काढला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसत्या हसलात. हातचा म्हणजे काय हे मला पण तेव्हाच कळलं, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

सेमी इंग्लिशवरून मी तुमच्याशी हुज्जत घातली होती, ते आठवलं की लाज वाटते, सॉरी.

आता दहावीचा निकाल लागला की आम्ही चाकरमानी इथे छाती फुगवून स्टेटस ठेवतो. २०२५ ला पण राज्याचा ९४.१० टक्के आणि कोकण बोर्ड ९८.८२, पहिला नंबर. पण त्या टक्क्यांच्या खाली तुमच्यासारख्यांनी पडवीत सोडवलेल्या जुड्या आहेत ते कोण लिहितं. आणि तुमच्या शाळेचा पट तेव्हा ११, आम्ही दोघं भावंडं शिकलो तेव्हा पन्नासच्या वर होता. पोरं गेली कुठे? इथेच आलीत, लालबाग, परळ, डोंबिवली, विरार. आम्हीच पट कमी केला आणि आता शाळा बंद होणार म्हटलं की आम्हीच ग्रुपवर बोंब मारतो. २०२२ ला परत येताना मी पण ११ चे १० केलेच की.

पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या १ डिसेंबर २०२१ ला, तोवर तो गोष्टीवर पोचला होता. चौथीचा पोरगा पहिलीच्या दोघांना मांडीवर पुस्तक घेऊन वाचून दाखवत होता, त्याचा फोटो तुम्हीच पाठवलेला. फोन बदलला तरी तो फोटो मी जपून ठेवलाय.

तो आता आठवीत आहे. स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय, गणितात बरा आहे, अक्षर मात्र अजून मुंगळ्यासारखंच, त्याला तुम्ही पण हरला होतात. निघताना तुम्ही त्याला दिलेली हिरांची एक जुडी कंपासमध्ये आहे, रबर तुटला म्हणून दोरा बांधलाय. परवा मोजले तर नऊच निघाले. एक कुठेतरी पडला असेल, त्याने लगेच आईच्या झाडूचा एक तोडून दहा केले आणि शिव्या खाल्ल्या.