नारिंगी इअरप्लगवाल्या काकांस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून असं चारचौघांत लिहितोय. गेल्या हिवाळ्यातला पुण्यातला तो रॉक शो, स्टेज आणि बॅरिकेडमधली ती चिंचोळी जागा, आणि तिथे स्पीकरच्या तोंडाशी फ्लॅश लावून उभा असलेला बावळट मुलगा आठवतोय? तो मी. ‘आधी ते वरचं काढ,’ हे तुमचं पहिलं वाक्य. दुसरं, ‘आणि तिथून हल, बहिरा होशील.’

मी लग्नांचे फोटो काढतो, सहा वर्षं. पास ओळखीतून मिळाला होता, पण देणाऱ्यानं नियम काहीच सांगितले नव्हते. फोटो फक्त पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग पिटच्या, म्हणजे स्टेजपुढच्या त्या चिंचोळ्या जागेच्या, बाहेर. मोठ्या शोला सगळीकडे साधारण हेच चालतं, हे मला तुमच्याकडून कळलं. तीन गाणी म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटं. आमच्याकडे नवरीचा शालू नेसून होत नाही तेवढ्यात. शिवाय हार घालताना क्षण हुकला तर ‘दादा, परत एकदा’ म्हणायची सोय असते.

तुम्ही खिशातून फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी काढलीत. आत नारिंगी फोमचे इअरप्लग. मी ते तसेच कानात कोंबायला लागलो तर हातावर चापट मारलीत. चिमटीत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. एवढं नीट मला शाळेत कुणी काही शिकवलं नसेल.

पहिलं गाणं मी अक्षरशः वाया घालवलं. बोट शटरवरून उचललंच नाही. चारशेच्या वर फोटो, आणि गायकाचा चेहरा एकात धड नाही. लाल लाइटमध्ये तो भाजलेल्या टोमॅटोसारखा, नाक-डोळे सगळं एकाच रंगात विरघळलेलं. धूर सोडला की फोकस पुढेमागे धावत सुटायचा. उरलेल्या फोटोंत तोंडापुढे माइक.

दोन गाण्यांच्या मधे तुम्ही माझा स्क्रीन पाहिलात. हसला नाहीत, हे मी विसरणार नाही. स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोज, शटर एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून हळू नाही, कॅमेऱ्याची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नकोस, लालमध्ये काढूच नकोस, पांढऱ्याची वाट बघ, हे सगळं माझ्या कानाशी ओरडून सांगितलंत. गायकानं माइक ज्या हातात धरलाय त्याच्या उलट बाजूला जा. ओळ संपली की श्वासासाठी माइक खाली येतो, तेव्हा दाब. मग विचारलंत, ‘काय काम करतोस एरवी?’ मी म्हटलं, लग्नं. तर म्हणालात, ‘मग अंतरपाट कधी खाली येणार ते तुला बघावं लागतं का? मंगलाष्टकं ऐकूनच कळतं ना? इथंही ऐक की. लाइटवाला ड्रमवर चालतो.’

काका, सहा वर्षं मी ते कानानं करत होतो आणि मला माहीतच नव्हतं. भटजींचा सूर शेवटच्या ‘सावधान’कडे चढायला लागला की माझा कॅमेरा आपोआप वर येतो. तिसऱ्या गाण्यात मी कॅमेरा खाली घेतला आणि नुसता उभा राहिलो. प्लगमुळे वरचा कर्कशपणा गेला होता, बास ड्रम थेट छातीत वाजत होता. सलग रोल, झांजेवर एक दणका, आणि मागून पांढरा झोत. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा दणक्याच्या किंचित आधी दाबलं. ड्रमरचे केस वर उडालेले, घामाचे थेंब हवेत, एकेक मोजता येईल असे. त्या गाण्यात एकूण ६१ फोटो काढले. नऊ ठेवलेत.

नंतर बाहेर चहा घेताना तुम्ही मुंबईच्या रंगभवनबद्दल बोललात. धोबीतलावच्या त्या उघड्या थिएटरात वरची जागा मिळवायला दुपारपासून रांग, कमी उजेडासाठी ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म १६०० ला ताणून वापरायची, रोलमध्ये ३६ फोटो आणि खिशात पैसे एकाच रोलचे. मग शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथला दणदणाट थांबला. ‘आमच्या वेळची मजा वेगळीच’ असं मात्र म्हणाला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांकडून ते फार ऐकावं लागतं.

एक कबुली देतो. त्या ड्रमरच्या फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात तुमच्या टोपीची कड आली आहे. मित्र म्हणाला क्रॉप कर. केलं नाही. बारा बाय अठराची प्रिंट काढून ठेवली आहे, मागे पत्ता लिहायची जागा कोरी आहे. आणि प्लगची ती जोडी मी परत केलेली नाही. परवा वरातीत डीजेसमोर घातली होती.

आपला,
तो फ्लॅशवाला