सापाच्या पेटीतला उंदीरही चावतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळीव प्राण्यांच्या पानावर सापाला खाऊ घालण्याविषयी जो मजकूर आला, त्यात जिवंत उंदीर रात्री पेटीत सोडून झोपायला जावे असा सल्ला होता. मी पशुवैद्य आहे. सापांच्या ज्या जखमा शिवताना माझा हात थांबतो, त्या बहुतेक या एका सवयीतूनच आलेल्या असतात.

उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात आणि त्यांना कुरतडायला सतत काहीतरी लागते. त्याला काचेच्या पेटीत कोंडले, खायला काही ठेवले नाही, पळायला वाट नाही, आणि शेजारी एक निवांत साप पडलेला. तो सापाच्या पाठीपासूनच सुरुवात करतो. एका बॉल पायथनच्या (घरी पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर) पाठीवरची कातडी आणि स्नायू बोटभर लांबीचे गेले होते, खाली मणके दिसत होते. साप एवढे सोसून गप्प कसा राहतो, असे सगळेच विचारतात. भूक नसली की त्याच्या लेखी उंदीर हे भक्ष्यच नसते, आणि भूक नसायला कारणे पुष्कळ. कात टाकायची वेळ जवळ आली की डोळे दुधाळ निळसर होतात, त्या दिवसांत बरेच साप अन्नाकडे फिरकत नाहीत. पेटी थंड असली तर पचन होत नाही म्हणून खात नाहीत. नव्या घरात आलेला साप बुजलेला असतो. बॉल पायथन तर धडधाकट असूनही महिनोन्‌महिने उपाशी राहतो. मालक मात्र ‘आज ना उद्या खाईल’ म्हणून उंदीर आतच ठेवतो.

त्या पायथनच्या मालकाने मला विचारले, “पण डॉक्टर, जंगलात जिवंतच खातात ना?” खातात. पण तिथे उंदराला पळता येते आणि सापाला भूक लागेल तेव्हाच तो दबा धरून बसतो. पेटीत दोघांचाही हा हक्क आपण काढून घेतलेला असतो.

दुसरा युक्तिवाद असा, की मेलेले अन्न दिले तर साप शिकार विसरतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये बोआंना (विळखा आवळून भक्ष्य मारणारे बिनविषारी साप) मेलेले उंदीर दिले आणि त्यांत धडधडणारे कृत्रिम हृदय बसवले. धडधड जाणवत राहिली तेव्हा बोआंनी विळखा जास्त वेळ आवळून धरला, आणि ज्यांनी आयुष्यात कधी जिवंत प्राणी मारला नव्हता त्यांनाही ती धडधड कळली. विसरण्याची काळजी नको. पुढे 2015 मध्ये असेही दिसले की बोआच्या विळख्यात उंदराचे रक्ताभिसरण काही सेकंदांतच कोलमडते. पण हे पकड नीट बसली तर. साप उंदराला मागून किंवा मधेच धरतो तेव्हा उंदराचे तोंड मोकळे राहते, आणि सापाला पापण्या नसतात. डोळा गेलेले सापही मी पाहिले आहेत.

म्हणून मी प्रत्येकाला गोठवलेला उंदीर द्या असेच सांगते. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात अंगाइतका कोमट करावा. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको, कुठे गार तर कुठे शिजलेला निघतो, कधी फुटतो. (ती साफसफाई ज्याने केली त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.) मग लांब चिमट्यात धरून डोक्याच्या बाजूने पुढे करायचा आणि हलकेच हलवायचा. पायथनच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता कळते, त्यामुळे गार उंदराकडे तो बघतही नाही. गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू) मरत नाही, तेव्हा हात साबणाने धुवावेत आणि ही भांडी स्वयंपाकघरात वापरू नयेत.

काही साप मेलेले घेतच नाहीत, अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले तर बऱ्याचदा. तिथे जिवंत द्यावेच लागते, याला माझी हरकत नाही. पिल्लांना ‘पिंकी’, म्हणजे डोळे न उघडलेली, बिनकेसांची उंदराची नवजात पिल्ले द्यावीत, ती चावू शकत नाहीत. मोठा उंदीर द्यायचाच असेल तर तो सापाच्या सर्वांत जाड भागाहून रुंद नसावा, त्याचे पोट आधीच भरलेले असावे आणि पेटीतही त्याच्यासाठी दाणे असावेत. समोर बसून राहावे, चिमटा हातात. पंधरा-वीस मिनिटांत सापाने तो धरला नाही तर उंदीर बाहेर काढावा, आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. घरात सापळ्यात सापडलेला उंदीर मात्र कधीही देऊ नये, त्याने विष खाल्लेले असेल तर ते सापाच्या पोटात जाते.

आपल्या पानाचा वाचक मोठा आहे आणि त्यात पहिलाच साप घरी आणणारी मुले असतात. त्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपली,
एक पशुवैद्य