इथेनॉलचा हिशोब पंपावर नाही, वावरात लावा

संपादक साहेब, नमस्कार.

पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल आलं तेव्हापासून पेपरात चर्चा एकच, गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला. पडणारच ना, इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा उष्णता कमी असते. पण मका, उसासारख्या पिकांपासून बनते म्हणून हे इंधन 'हिरवं' आहे म्हणतात, ते कोणी वावरात येऊन पाह्यलं का?

सोयाबीनले भाव नाही म्हणून मी रब्बीत दोन एकर मका लावला. (भाव पाडण्यात मक्याचाही हात आहे बरं, इथेनॉल काढून उरलेला चोथा कोंबडी खाद्यात स्वस्तात जाते, मग सोयाबीनच्या ढेपेले कोण विचारते.) दोन एकराले युरियाच्या सहा बॅगा, लष्करी अळीवर तीन फवारण्या आन् आठ पाणी, तेही रातच्या लाइनीवर, थंडीत कुडकुडत. ती लाइन येते कुठून तर पारस, चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा जळून, म्हणजे गाडीतून निघणारा धूर तिकडच्या चिमणीतून निघाला एवढंच. आन् युरिया टाकल्यावर जमिनीतून नायट्रस ऑक्साइड उडते, तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पावणेतीनशे पट तापवते. मका वाढताना हवेतला कार्बन ओढून घेते हे मले मान्य आहे, पण बाकीचं वजा कोण करन?

उसाचं तर बोलूच नका, नीती आयोगानंच २०२१ मधे इथेनॉलच्या एका लिटरमागं २८६० लिटर पाणी लिहून ठेवलं आहे.

आता दुसरी गोष्ट पाहा. मार्चमधे संध्याकाळी आमच्या रोडनं या, धुऱ्या-धुऱ्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, पेटलेली दिसते. थोडीफार चुलीत जाते, बाकी सगळी राख. पानिपतले २०२२ मधे धानाच्या तणसापासून इथेनॉल करायचा कारखाना उभा राह्यला, मग कापसाच्या मुलखात पऱ्हाटीचा काऊन नाही? गोळा करायची मजुरी आन् ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही म्हणतात, ते खरं असन, पण मक्याच्या इथेनॉलले लिटरमागं ७१ रुपये ८६ पैसे देता येतात तर त्यातले काही इकडं वळवा, त्याले ना जादा युरिया लागत ना जादा पाणी.

माझी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचून ठेवली आहे. पावसाच्या आत कोणी नेत असन तर फुकट न्या, नाहीतर मलेही काडी लावाच लागते.

एक शेतकरी,
ता. मेहकर, जि. बुलडाणा