नवे सॉफ्टवेअर आणि संकलकाची खरी गरज

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत संकलनाच्या नव्या सॉफ्टवेअरविषयी आलेला लेख वाचला. कलाकाराचे बोलणे आपोआप लिहून काढणारी आणि त्यातले एखादे वाक्य खोडले की चित्रातला तेवढा तुकडाही कापून टाकणारी ही साधने उपयोगाची आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र त्यांच्याविषयी शंका घेणारे संकलक केवळ सवयीपायी अडून बसले आहेत, असा जो सूर लेखात उमटला आहे, तो मला मान्य नाही. मी मुंबईत अनेक वर्षे मालिका आणि माहितीपट यांचे संकलन करत आलो आहे. आमच्या व्यवसायातील मंडळींवर हाच आरोप २०११ सालीही झाला होता, आणि त्या वादात कोणाचे किती बरोबर होते हे आता शांतपणे सांगता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

२१ जून २०११ रोजी ॲपलने ‘फायनल कट’ या आपल्या संकलनाच्या सॉफ्टवेअरचा नवा अवतार, ‘फायनल कट प्रो एक्स’, विक्रीस आणला. त्याआधीची सातवी आवृत्ती २००९ सालची होती आणि अंधेरी-गोरेगावच्या कितीतरी एडिट रूममध्ये तिच्यावरच काम चालत असे. जुना संपूर्ण संच ९९९ डॉलरना मिळे, नवे सॉफ्टवेअर २९९.९९ डॉलरना मिळू लागले. ते ६४ बिटचे होते, संगणकाची सगळी मेमरी वापरत होते आणि काम चालू असतानाच मागच्या मागे रेंडर करत होते, म्हणजे बदललेले चित्र पक्के तयार करून ठेवत होते. परंतु त्यात सातव्या आवृत्तीतले प्रोजेक्ट उघडत नव्हते, अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र लावून कापण्याची मल्टिकॅमची सोय नव्हती, टेपवर अंतिम प्रत उतरवण्याची नेहमीची व्यवस्था नव्हती, आणि ओएमएफ, ईडीएल, एक्सएमएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फाईलच्या स्वरूपांपैकी एकातही काम बाहेर काढता येत नव्हते. त्यातच जुनी आवृत्ती विक्रीतून लगोलग काढून घेण्यात आली. जगभरच्या संकलकांनी निवेदनांवर सह्या केल्या, तेव्हा ‘यांना नवे शिकायचेच नाही’ असे म्हणणारेही पुष्कळ निघाले.

ओएमएफ नसणे म्हणजे काय, हे एडिट रूममध्ये न बसलेल्या वाचकाला चटकन कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मालिकेच्या भागाचे चित्र पक्के झाले की संकलकाचे काम संपत नाही, ते दुसऱ्याच्या हाती जाते. आम्ही संवाद पहिल्या चार ट्रॅकवर, वातावरणाचा आवाज त्याखालच्या दोनवर आणि संगीत सर्वांत खाली ठेवतो, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन सेकंदांचा जादा आवाज सोडतो, आणि हे सगळे ओएमएफमध्ये बांधून साऊंड स्टुडिओला पाठवतो. तिथला ध्वनिमुद्रक रात्री अकराला फाईल उघडतो, तेव्हा त्याला मला फोन करावा लागत नाही. कोणता आवाज कुठे असेल हे त्याला न बघताही ठाऊक असते, आणि कट खटकला तर जादा ठेवलेल्या आवाजातून त्याला तो सांधता येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाग प्रसारित व्हायचा असतो. अशा वेळी ट्रॅक हा निव्वळ पडद्यावरचा आडवा पट्टा राहत नाही, तो दोन माणसांमधला ठरलेला शब्द असतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच नव्हते, जागा मिळेल तिथे क्लिप सरकत होती, आणि आवाजाला संवाद, संगीत अशी ओळख देणारे ‘रोल्स’ आले ते सप्टेंबरमधील १०.०.१ या आवृत्तीत. एक्सएमएलही तेव्हाच आले. मल्टिकॅमसाठी जानेवारी २०१२ उजाडावे लागले. एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांवर चित्रित होणारा गाण्यांचा किंवा नृत्याचा कार्यक्रम ज्याला आठवड्याला द्यायचा आहे, त्याने ते सात महिने काय करावे, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते.

आता आमच्या चुकांविषयी. त्या वेळी सर्वाधिक राग ‘मॅग्नेटिक टाइमलाइन’वर, म्हणजे तुकडे एकमेकांना चिकटून आपोआप सरकणाऱ्या त्या नव्या मांडणीवर निघाला, माझाही निघाला, आणि त्या बाबतीत आम्ही चुकलो होतो. माहितीपटात एखाद्या मुलाखतीचा तुकडा उचलून दहा मिनिटे पुढे नेणे ही रोजची गोष्ट असते. जुन्या पद्धतीत त्याच्यासोबतचे संगीत, वरची दृश्ये, खालची नावाची पट्टी हे सगळे आठवणीने निवडावे लागे, एखादा ट्रॅक कुलूपबंद राहिला की पुढचे सगळे सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज यांचा मेळ, दोन फ्रेमने हलत असे आणि ते लक्षात येई थेट मिक्सिंगच्या वेळी. मॅग्नेटिक टाइमलाइनमध्ये मुख्य तुकड्याला जोडलेले सारे त्याच्याबरोबर जाते आणि मागची जागा आपोआप मिटते. हे मी पुढे स्वतः वापरले तेव्हा पटले. मल्टिकॅम उशिरा आले खरे, पण ६४ कोनांपर्यंतचे आणि उत्तम आले. म्हणजे ज्याला आम्ही सर्वांत मोठा दोष म्हणत होतो तो मुळात गुण होता, आणि ज्या उणिवा बाहेरच्यांना किरकोळ वाटत होत्या त्यांच्यामुळेच लोक सोडून गेले. कितीतरी जण ॲडोबी कंपनीच्या ‘प्रीमिअर’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरकडे वळले. तिथे २०१३ पासून नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळू लागल्या आणि लहान निर्मात्याला दरमहा भाड्याचा नवा प्रश्न पडला.

जे जुन्या आवृत्तीवरच थांबले त्यांना मागासलेले म्हणण्याचीही घाई नको. ‘पॅरासाइट’ या २०१९ सालच्या कोरियन चित्रपटाचे संकलन फायनल कटच्या त्याच सातव्या आवृत्तीवर झाले आणि त्याला संकलनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. संकलक यांग जिन-मो यांना त्या साधनातून हवे ते मिळत होते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

मराठीत काम करणाऱ्यांची एक गरज तर या वादांत कुठेच येत नाही. मी ज्या सॉफ्टवेअरवर शिकलो त्यात देवनागरी अक्षरे जुळत नसत. ‘निर्मिती’ टंकले तर रफार सुटून हलन्त ‘र’ उभा राही आणि वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसे, ‘दिग्दर्शन’ची तीच गत, आणि ‘कऱ्हाड’ कधी नीट उमटला नाही. त्यामुळे श्रेयनामावली दुसरीकडे श्रीलिपी या भारतीय लिप्यांच्या टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून चित्र म्हणून आणावी लागे. एका सहायकाच्या नावातला एक ऱ्हस्व चुकला की सबंध पाटी पुन्हा करावी लागायची. पुढे प्रीमिअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी मजकुराचे वेगळे इंजिन निवडण्याची सोय आली, पण ती सेटिंगमध्ये इतकी आत होती की अनेकांना तिचा पत्ताच नव्हता. आज बोलणे ऐकून मजकूर लिहिणाऱ्या साधनांची परीक्षाही इथेच व्हायला हवी. शहरी प्रमाण मराठी त्यांना किती कळते यापेक्षा मालवणच्या मच्छीमाराची किंवा बीडच्या ऊसतोड कामगार बाईची मुलाखत ती किती नीट लिहितात, हे आपल्या समीक्षकाने पाहिले असते तर आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग झाला असता.

शेवटची गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी केलेल्या माहितीपटाला नव्याने उपशीर्षके घालायची होती. हार्ड डिस्क शाबूत होती, सगळे रशेस, म्हणजे न कापलेले मूळ चित्रण, होते, प्रोजेक्टची फाईलही होती, पण ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती ते चालवू शकणारा संगणक आमच्यापैकी कोणाकडेच उरला नव्हता. अंतिम प्रतीवर जुनी नावे कायमची छापली गेली होती आणि तिच्यातले निवेदन संगीतापासून वेगळे काढता येत नव्हते. त्या माहितीपटात बोललेले दोन वृद्ध शाहीर आता हयात नाहीत. आम्ही बारा दिवस बसून तयार प्रतीकडे पाहत एकेक कट रशेसमधून हाताने पुन्हा लावला.

तेव्हापासून कोणतेही काम हातावेगळे करताना मी प्रोजेक्टच्या फाईलसोबत तिचे एक्सएमएल, पडद्यावर एकही अक्षर नसलेली प्रत आणि संवाद, संगीत व इतर आवाज यांचे स्वतंत्र ट्रॅक निर्मात्याच्या हवाली करतो. मराठीतील निर्मात्यांनी आणि माहितीपटांना पैसा देणाऱ्या संस्थांनी या चार गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात, आणि ज्या नव्या सॉफ्टवेअरमधून त्या बाहेर काढता येत नाहीत ते कितीही वेगवान असले तरी मोठ्या कामासाठी घेऊ नये, अशी माझी विनंती आपल्या पत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

– एक संकलक, गोरेगाव, मुंबई